सही करण्यापूर्वी

॥ श्री महालसा प्रसन्न ॥

म्हार्दोळ, गोवा
आषाढ अखेर

चि. मंदार यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला पोर्तुगीज पासपोर्ट मिळावा म्हणून माझ्या जन्माची लिस्बनला नोंद करायची, त्या कागदांचं तुझं पाकीट येऊन आज अकरा दिवस झाले. रोज रात्री तू फोनवर विचारतोस, "आई, सही केलीस?" आणि मी पावसाचं, वीज गेल्याचं, नारळ काढणारा न आल्याचं सांगून विषय बदलते. परवा तू चिडलास. म्हणालास, "तुला आनंद झालाय की वाईट वाटतंय, एकदाच काय ते सांग. म्हणजे मला कळेल तरी." तुझं चिडणं रास्त आहे. फोनवर मला ते सांगता आलं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आपण घरात कोकणी बोलतो, पण लिहायचं म्हटलं की माझा हात मराठीकडेच वळतो. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं म्हणून असेल, पण माझ्या बाबांचंही तसंच होतं. भांडण कोकणीत, आरती आणि पत्रं मराठीत, आणि पैसे मोजायचे ते पोर्तुगीजमध्ये. दुकानातून आल्यावर नाणी एकेक करून टेबलावर ठेवायचे आणि पुटपुटायचे, "उं, दोइश, त्रेश..." लहानपणी मला वाटायचं, पैसे त्याच भाषेत मोजतात.

जन्माची नक्कल काढायला मी फोंड्याला गेले होते, तो दिवस तुला नीट सांगितलाच नाही. फोनवर "मिळाली" एवढंच म्हटलं. कारकुनाने १९५९ चं बाड काढून टेबलावर ठेवलं. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. मला पोर्तुगीज वाचता येत नाही, पण माझं नाव सापडलं. बाबांचं सापडेना. कारकुनाने बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं. 'केशव' हे नाव तिथे 'क्यू'ने सुरू होत होतं आणि मध्ये 'श'च्या जागी 'एक्स' होता. तेव्हा त्यांच्या लिहिण्यात 'के' नव्हता, आणि 'श'चं काम एक्स करतो. माझे बाबा त्या ओळीत कुणी परकाच माणूस होऊन बसले होते.

मग खाली नजर गेली. खाली त्यांची सही होती. सहीखाली त्यांची ती लांब, शेवटी वर वळलेली रेघ. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर असलेली. तू ती पाहिलेली नाहीस, पण मला ती झोपेतही ओळखता येईल. १९५५ मध्ये पत्रकं वाटली म्हणून ज्या माणसाला तीन दिवस कोठडीत ठेवलं होतं, त्याच माणसाने चार वर्षांनी त्याच राजवटीच्या बाडात किती झोकात सही केली होती! मुलगी झाली म्हणून. ते बाड छातीशी धरावंसं वाटलं मला, आणि त्याच क्षणी ते पुढ्यातून दूर सारावंसंही वाटलं. कारकून थांबला होता, मागे रांग होती. मी रेघेवरून बोट फिरवलं आणि "बरोबर आहे" म्हणाले.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिथेच, त्या टेबलाशी होतं. पण ते एका शब्दात येत नाही, म्हणून तुला तुझ्या आजोबांबद्दल आणखी थोडं सांगावं लागेल. ते १९९१ मध्ये गेले, तू त्यांना फोटोतच पाहिलंस.

दर १९ डिसेंबरला ते पहाटे उठून धुतलेलं धोतर नेसून झेंडावंदनाला जायचे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला त्या दिवशी मी दोन वर्षांची होते. मला काही आठवत नाही, पण ते सांगायचे की त्या संध्याकाळी ते मला खांद्यावर घेऊन रस्त्यावर उभे होते आणि अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. आणि हाच माणूस घरी पोर्तुगीज 'ओ हेराल्डो' वाचायचा. रोज, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका हाताशी मराठी 'गोमन्तक' आणि दुसऱ्या हाताशी तो. १९८३ मध्ये 'हेराल्डो' इंग्रजीत निघायला लागला. पहिला इंग्रजी अंक दारात पडला तेव्हा ते खूप वेळ त्याची घडी न उलगडता बसून राहिले. मी विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "आता त्या भाषेत माझ्याशी कोण बोलणार?" गोवा सुटावा म्हणून मार खाल्लेल्या माणसाचं हे बोलणं. तेव्हा मला त्याचा राग आला होता. चोवीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाने एका बाजूला असावं असं फार वाटतं.

१९६७ च्या जनमत कौलाचंही तसंच. १६ जानेवारीला मतदान झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. बाबांनी फुलावर मत दिलं. सात वर्षांची मी अंगणात "फूल, फूल" ओरडत फिरत होते. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढे वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा ते सोप्यावर बसून म्हणाले, "वेगळे राहिलो ते बरंच झालं." मी म्हटलं, "म्हणजे तुमचं मत चुकलं होतं तर." त्यांनी मान हलवली. "चुकलं नव्हतं. आज पुन्हा मत द्यायचं झालं तर मी फुलावरच देईन." मी हसले. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला माझ्या आयुष्यातली एक वेगळीच रात्र लागली.

ती रात्र तुझ्या आजीची. तेव्हा तू अकरावीत होतास, मडगावला खोली घेऊन राहायचास, त्यामुळे घरातलं पुष्कळसं तू पाहिलं नाहीस, आणि मी तुला दाखवलंही नाही. आजी चार वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर तीन तासांनी कूस बदलावी लागे. रात्री अकरा, दोन आणि पाच. घड्याळात दोनचा गजर लावलेला असायचा. दिवसा शाळा, आल्यावर पेज गाळून चमच्याने भरवणं, चादरी धुणं, पावसाळ्यात त्या न वाळणं. तुझे बाबा करत नव्हते असं नाही, करायचे. पण तिला माझाच हात लागायचा. दुसऱ्या कुणी हलवलं तर ओरडायची. याच बाईने लग्नानंतर पहिली पाच वर्षं मला एक दिवस सुखाने खाऊ दिलं नव्हतं. आणि याच बाईने, तुझ्या वेळी मला सातव्या महिन्यात त्रास झाला तेव्हा, दोन महिने मला पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही.

ती गेली त्या दिवशी सगळे येऊन म्हणत होते, "सुटली बिचारी." मी माना डोलावत होते आणि मनात म्हणत होते, मी सुटले. हे शब्द मनात आले तेव्हा घशाला कोरड पडली. गेलेल्या माणसाने सुटायचं, हे आपल्याकडे बोलायची रीत आहे. मागे राहिलेल्याने सुटायची नाही. रात्री सगळे झोपले. मीही झोपले, चार वर्षांत झोपले नव्हते तशी, दगडासारखी. आणि दोन वाजता गजर झाला. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी उठले, पाय आपोआप तिच्या खोलीकडे गेले. खाट रिकामी. गादी बाहेर काढलेली, नुसत्या फळ्या. फळ्यांवर हात ठेवून मी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा वाटलं, आता पाचला उठायचं नाही. इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. बसल्याबसल्या रडायला आलं, तोंडात पदर कोंबून रडले. तो हलकेपणा कमी झाला नाही, आणि रडूही थांबलं नाही. एकाने दुसऱ्याला पुसलं नाही. त्या रात्री मला बाबांचं फूल आणि दोन पानं कळली.

हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. आज तुला लिहिते आहे, कारण तू मला आनंद की दुःख, एकच निवडायला सांगतो आहेस.

मी एम.ए.ला काव्यशास्त्र शिकले, ते तेव्हा परीक्षेपुरतं. भरतमुनींनी आठ स्थायी भाव सांगितले आणि येणारे-जाणारे तेहतीस. आम्ही ते पाठ केले, लिहून टाकले. पण पुढच्या शास्त्रकारांनी भाव एकेकटे ठेवले नाहीत. दोन भाव सारख्याच जोराने समोरासमोर आले की ती भावसंधी, आणि पुष्कळ भाव एकावर एक, एकमेकांना रेटत आले की ती भावशबलता. शबल म्हणजे कबरं. आपल्या गोठ्यात तू लहान असताना ती कबरी गाय होती, आठवते? तू तिला काळी म्हणायचास आणि शेजारचा मुलगा पांढरी, आणि दोघं भांडायचात. तिचं अंग दूध आणि कोळसा मिसळून करडं झालेलं नव्हतं. काळं तिथे काळंच होतं आणि पांढरं पांढरंच, आणि गाय एक होती. मला 'संमिश्र भावना' या शब्दापेक्षा हा शब्द जवळचा वाटतो. मिश्रणात रंग एकमेकांत विरून जातात. माझ्या मनात काहीच विरलेलं नाही.

युरोपात या गोष्टीला आजचं नाव फार उशिरा मिळालं. १९१० मध्ये ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'अँबिव्हॅलन्स' हा शब्द घडवला. 'स्किझोफ्रेनिया' हे नावही त्याचंच, आणि त्या आजाराचं एक लक्षण म्हणून त्याने याकडे पाहिलं. निरोगी माणसातही ते असतं हे त्याला ठाऊक होतं, पण शब्दाला इस्पितळाचा वास लागला तो लागलाच. आपल्याकडे ही गोष्ट कवितेत सापडली, आजार म्हणून नव्हे तर काव्याचं सौंदर्य म्हणून. मला याचं फार अप्रूप आहे. मला वेड लागलेलं नाही रे. मी कबरी झाले आहे, एवढंच.

वर्गात मी हे दरवर्षी पाहायचे. पाचवीतल्या पोराला विचारलं, "शाळा बदलली, कसं वाटतं?" तर तो म्हणायचा, "आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं." एकामागून एक. आठवी-नववीतली मुलं म्हणायची, "बाई, दोन्ही वाटतं." मानसशास्त्रवाले म्हणतात, एकाच वेळी दोन उलट्या भावना असू शकतात हे मुलाला साधारण दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास उमजायला लागतं. मोठ्यांचंही पाहिलंय त्यांनी. २००१ मध्ये लार्सन, मॅकग्रॉ आणि कॅसिओपो या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजातल्या मुलांना विचारलं. वसतिगृह सोडायच्या दिवशी आणि पदवीच्या दिवशी, एरवीच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी सांगितलं की आनंद आणि दुःख दोन्ही आत्ता, एकदमच आहे. तुला मडगावच्या खोलीवर सोडून परत येताना बसमध्ये माझं जे झालं होतं, तेच हे. त्या दिवशी तू मागे वळून पाहिलं नाहीस, याचा मला अभिमान वाटला होता, आणि ते लागलंही होतं.

आता कागदांचं.

तू युरोपला जातोस, तुझ्या हाताला तिथल्या हॉटेलात काम मिळेल, चांगला पगार मिळेल, याचा मला आनंद आहे. खोटा नाही, आईने दाखवावा म्हणून दाखवलेला नाही. तुझ्या हातची चव मला माहीत आहे. इथे सीझन संपला की मालक हात आखडता घेतात, हेही मी पाहिलंय. तू जाशील म्हणून मला भीतीही वाटते. हे घर, ही बाग, आम्ही दोघं साठी उलटलेली. तू परत येशील ते पाहुणा म्हणून. ही भीतीही खरी आहे. या दोघींचं माझ्यात काही भांडण नाही. दोघी एकाच खाटेवर बसलेल्या आहेत.

पण मंदार, मन कबरं असणं वेगळं आणि निर्णय न घेणं वेगळं. बाबांचं मन दोन्हीकडे होतं, तरी मत त्यांनी एकालाच दिलं. मी अकरा दिवस लावले ते मन एकरंगी होईल म्हणून वाट बघत. ते होणार नाही, हे आता मला कळलं आहे. म्हणून आज जसं आहे तशा मनाने सांगते. मी सही करणार नाही.

रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण पुढचं वाच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज कायद्याने तिकडच्या नागरिकत्वाची ही वाट खुली ठेवली आहे. आपल्या वाड्यावर तीन घरांनी ती धरली, त्यांची पोरं आधी इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचं दार बंद झालं तेव्हा पोर्तुगालकडे वळली. त्यांच्या घरांवर आज स्लॅब आहे, म्हाताऱ्यांना औषधं आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही, ठेवलीही नाहीत कधी. मी वकिलांकडे जाऊन आले. लिस्बनला माझ्या जन्माची नोंद झाली की तिकडच्या हिशेबी मी पोर्तुगीज. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. नुसती जन्माची नोंद म्हणजे नागरिकत्व घेतलं की नाही, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि तो माझ्या हयातीत मिटेल असं वाटत नाही. वकील म्हणाले, पुष्कळ लोक करतात, बघा. तुझे बाबा म्हणाले, "तुझा जन्म, तुझी सही. तूच ठरव."

मी एकविसाव्या वर्षी पहिलं मत दिलं, तेव्हा मतदानाचं वय अठरा नव्हे, एकवीस होतं. त्या दिवसापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. तुझ्या आजीला कूस बदलून ठेवून, शेजारणीला बसवून मत द्यायला धावत गेले आहे. मला या मतदार यादीतून नाव गेलेलं सोसणार नाही, नुसती ती शक्यतासुद्धा. १९७४ च्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, तेव्हा बाबा मला जवळ घेऊन म्हणाले होते, "बघ, आता त्यांनीसुद्धा म्हटलं." मी पंधरा वर्षांची होते. त्या बाडातल्या त्यांच्या सहीवर मी बोट फिरवलं, ती मला जन्मभर पुरेल. पण त्या सहीच्या आधाराने माझी दुसरी सही उभी करायला माझा हात उचलत नाही.

आणि हे लिहिताना मला एकीकडे वाटतंय, करून टाकावी. पोराचं आयुष्य मार्गी लागतंय, म्हातारीने आपल्या मताचं काय घेऊन बसायचं! हे वाटणं मी तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या नकाराला तुझ्या चेहऱ्याची किंमत लागली आहे, ती मला आजन्म बोचेल. तरीही नाही.

तू कामाचा व्हिसा काढून जा. लांबची वाट आहे, मला ठाऊक आहे, एक-दोन वर्षं जातील. माझ्या पाटल्या आणि तो चार पदरी हार लॉकरमध्ये पडून आहे, मी तो कशासाठी ठेवू? तुझ्या बाबांशी बोलले, त्यांनी मान हलवली. एजंटला एक पैसाही आगाऊ देऊ नकोस, आधी कागद मला दाखव. भाषा आत्तापासून शिकायला घे. आजोबांचा जुना पोर्तुगीज कोश कपाटात आहे, पाठीला वाळवी लागली आहे पण आतलं शाबूत आहे. तो घेऊन जा. तू ते शब्द बोललास तर मला आवडेल, हेही लिहून ठेवते.

तुझे कागद जसे आले तसे, सहीवाचून, त्याच पाकिटात ठेवले आहेत. पोस्टाने परत पाठवत नाही. चवथीला येशील तेव्हा तुझ्या हातात देईन. तुझ्या बाबांना आता शिडीवर चढवत नाही, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी तुलाच बांधायची आहे. आंबाडे, निरफणस, तोरिंगं मी बाजारातून आणीन. कांगलां आणि कवंडळं मात्र डोंगरातलीच पाहिजेत, आणि ती कुठे मिळतात ते तुलाच माहीत आहे. राग गेला नसेल तर राग घेऊनच ये. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोच, म्हणजे उजेड असताना रानात जाऊन येता येईल.

तुझी,
आई